क्रीडावार्ताहर नेड आयरिश

शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्र आले म्हणजे आमचे बहुतेक विद्यार्थी ते मागच्या पानापासून वाचावयास आरंभ करितात, ही गोष्ट शिक्षकांपासून लपून राहिलेली नाही. मागच्या पानावर खेळांच्या वार्ता असतात. कोणता संघ जिंकला, कोणी किती गुण मिळविले, हे सारे मुलांस मुखोद्गत असते. परंतु ती वार्ता ज्याने लिहिली, जो रात्री-अपरात्री सामन्यास हजर राहून आपले डोळे जणू आपणांस उसने देतो, त्या मनुष्याचे नाव क्वचितच कोणाच्या ध्यानात राहते. अशाच एका मनुष्याचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे. त्याचे नाव नेड आयरिश. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी तो महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या बातम्या लिहीत असे, आणि पुढे त्याच खेळाचा मोठा व्यवस्थापक झाला. हे चरित्र केवळ स्तुतीसाठी लिहिलेले नाही आणि निंदेसाठी तर नाहीच. त्यात एक मोठे कर्तृत्व आहे व एक मोठी उणीव आहे. आणि दोन्ही एकाच मुळातून उगवलेली असल्यामुळे ते चरित्र मुलांनी व त्यांच्या पालकांनी एकत्र बसून वाचण्याजोगे आहे.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बास्केटबॉल हा खेळ ख्रिस्ती तरुणांच्या एका संस्थेत जन्मास आला. जेम्स नेस्मिथ नावाचे कॅनडा देशाचे एक गृहस्थ धर्मशास्त्राचे शिक्षण पुरे करून अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयात व्यायामशिक्षक झाले. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे आणि तरुण विद्यार्थी घरात कोंडले जाऊन कंटाळत. त्यांच्यासाठी डिसेंबर १८९१ मध्ये नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामगृहाच्या सज्जास टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि चेंडू टोपलीत टाकण्याचा हा खेळ सुरू केला. धक्काबुक्की नसावी, अंगबळापेक्षा कौशल्यास मान असावा, असा त्यांचा हेतू होता. वाय. एम. सी. ए. च्याच द्वारे हा खेळ देशोदेशी गेला व भारतातही आला. ज्या संस्थेने भारतात व्यायामशिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले ते मद्रास येथील वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० साली स्थापिले. आणि १९३४ साली दिल्लीस पुरुषांची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरली. हे १९३४ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण आपल्या चरित्रनायकाच्या आयुष्यातही तेच साल निर्णायक ठरले.

एडवर्ड सिमन्स आयरिश, ज्यास सर्वजण नेड म्हणत, याचा जन्म ६ मे १९०५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या गावी झाला. नेड अगदी लहान असतानाच त्याचे वडील वारले. आईने परिचारिकेचे काम पत्करले आणि मुलास घेऊन ती ब्रुकलिन येथे राहावयास आली. विधवा मातेच्या कष्टावर वाढणाऱ्या मुलास पैशाची किंमत लवकर कळते. नेड इरॅस्मस हॉल या शाळेत शिकत असतानाच शाळाशाळांतील सामन्यांच्या वार्ता लिहून वर्तमानपत्रांस देऊ लागला व त्यावर थोडीबहुत कमाई करू लागला. पुढे तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाला. तेथेही त्याने हाच क्रम चालू ठेविला. दिवसा अभ्यास, सायंकाळी मैदान आणि रात्री वर्तमानपत्राकडे बातमी, असा त्याचा दिनक्रम असे. १९२८ साली तो पदवीधर झाला. लेखणीच्या बळावर ज्याने शिक्षणास हातभार लाविला, असा हा विद्यार्थी होता, ही गोष्ट त्याच्या पुढील चुकांचा विचार करितानाही विसरता कामा नये.

पदवी घेतल्यावर आयरिश यांनी न्यूयॉर्कमध्ये क्रीडावार्ताहराचा धंदा पत्करला. तेथील वर्ल्ड टेलिग्राम या दैनिकात ते महाविद्यालयांच्या सामन्यांच्या वार्ता लिहीत. त्या काळी बास्केटबॉल हा खेळ विद्यार्थ्यांत फार आवडता होता, परंतु शहरातील थोर लोकांच्या खिजगणतीत नव्हता. महाविद्यालयांची व्यायामगृहे लहान. भिंतीला पाठ लावून काही शेकडा लोक उभे राहिले की जागा संपली. वर्तमानपत्रांतही त्यास चार ओळींची जागा मिळे. आयरिश मात्र रोज संध्याकाळी या कोंदट जागांत उभे राहत आणि एक गोष्ट पाहत. आत जितके लोक असत, त्यांहून अधिक लोक दाराबाहेर थंडीत ताटकळून परत जात. इतर वार्ताहर आतला सामना पाहत होते. आयरिश बाहेरची गर्दीही पाहत होते. बातमीदाराची नजर म्हणतात ती हीच.

त्या दिवसांत अमेरिकेवर मोठे आर्थिक अरिष्ट आले होते. कारखाने बंद पडले, लाखो लोक बेकार झाले. १९३१ साली न्यूयॉर्कचे महापौर जेम्स वॉकर यांनी शहरातील क्रीडावार्ताहरांस विनंती केली की, बेकारांच्या साहाय्यार्थ महाविद्यालयांचे सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल क्रीडागृहात भरवावे. हे गृह प्रामुख्याने मुष्टियुद्धासाठी प्रसिद्ध होते आणि त्यात हजारो प्रेक्षक बसत. त्याप्रमाणे एकाच रात्री तीन सामने झाले. गृह भरून गेले आणि बेकारांच्या निधीत चांगली भर पडली. भुकेल्यांसाठी भरविलेल्या त्या सामन्यांनी एक गोष्ट सिद्ध करून दाखविली, ती ही की विद्यार्थ्यांचा हा साधा खेळ पाहण्यास हजारो लोक पदरचे पैसे देऊन येतात. आयरिश यांच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली.

यानंतरची एक आख्यायिका अमेरिकेत आजही सांगतात. आयरिश यांस मॅनहॅटन कॉलेज या महाविद्यालयाच्या एका सामन्याची वार्ता लिहावयाची होती. ते पोहोचले तेव्हा लहानशा व्यायामगृहाच्या दारापाशी माणसांची इतकी दाटी होती की वार्ताहरासही आत शिरता येईना. बातमी तर दिलीच पाहिजे. तेव्हा ते इमारतीच्या बाजूस गेले, एका खिडकीतून कसेबसे आत घुसले, आणि त्या खटपटीत त्यांची चांगली विजार फाटली. फाटक्या विजारीने सामना पाहत असता त्यांनी निश्चय केला की या खेळास मोठे घर मिळवून द्यावयाचे. आख्यायिकेत तिखटमीठ किती आहे हा प्रश्न बाजूस ठेवू. मॅनहॅटन कॉलेजचे नाव मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

आयरिश मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या चालकांकडे गेले. रिकाम्या रात्री मला द्या, भाडे भरून निघेल याची हमी मी घेतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. मंदीच्या त्या काळात चालकांनाही रिकामे गृह परवडत नव्हते. प्रस्ताव मान्य झाला. आयरिश यांची युक्ती अशी की एका तिकिटात दोन सामने दाखवावयाचे, आणि प्रत्येक सामन्यात एक संघ न्यूयॉर्कचा व एक परगावचा घ्यावयाचा. घरचा संघ प्रेक्षक आणतो आणि पाहुणा संघ कुतूहल आणतो, हे वार्ताहर या नात्याने ते जाणून होते.

२९ डिसेंबर १९३४ रोजी पहिली रात्र उजाडली. सोळा हजारांहून अधिक लोक जमले. वेस्टमिन्स्टर या लहान महाविद्यालयाने सेंट जॉन्सचा ३७ विरुद्ध ३३ गुणांनी पराभव केला, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाने सुप्रसिद्ध नोत्र दाम संघास २५ विरुद्ध १८ असे हरविले. आजच्या मानाने हे गुण फार थोडे वाटतील. परंतु त्या वेळी प्रत्येक गुणानंतर चेंडू पुन्हा मध्यावर आणून उडवीत असत, त्यामुळे खेळ संथ चाले. त्या पहिल्या हंगामात आठ रात्री मिळून सुमारे एक लक्ष लोकांनी हे सामने पाहिले. एकोणतीस वर्षांच्या वार्ताहराचे नाव शहरभर झाले. थोड्याच काळात त्यांनी वर्तमानपत्राची नोकरी सोडली व सामने भरविण्याचा उद्योग पूर्ण वेळ आरंभिला.

या उद्योगाने खेळाचे जे कल्याण केले ते निःसंशय मोठे आहे. पूर्वी एका प्रांतातील खेळाडूस दुसऱ्या प्रांतातील खेळाची पद्धत ठाऊकही नसे. आयरिश यांनी देशाच्या चारी कोपऱ्यांतून संघ न्यूयॉर्कला आणविले. डिसेंबर १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातून स्टॅनफर्डचा संघ आला. त्यात हँक लुइसेटी नावाचा तरुण होता. पूर्वेकडील खेळाडू दोन्ही पाय रोवून दोन्ही हातांनी चेंडू फेकीत. लुइसेटी धावता धावता एका हाताने फेकी. जाणत्या प्रशिक्षकांस ती पद्धत पोरकट वाटे. परंतु त्या रात्री त्याच्या संघाने लागोपाठ त्रेचाळीस सामने जिंकलेल्या लाँग आयलंड विद्यापीठास ४५ विरुद्ध ३१ असे हरविले, आणि दुसऱ्या दिवसापासून न्यूयॉर्कच्या गल्लीगल्लीतील मुले एका हाताने चेंडू टाकू लागली. १९३८ साली शहरातील बास्केटबॉल वार्ताहरांच्या संघटनेने याच गृहात निमंत्रितांची एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली; तिच्या अंतिम सामन्यात टेंपल विद्यापीठाने कोलोरॅडोचा ६० विरुद्ध ३६ असा पराभव केला. पुढल्याच वर्षी महाविद्यालयांच्या मध्यवर्ती संघटनेनेही आपली स्पर्धा सुरू केली. २८ फेब्रुवारी १९४० रोजी याच गृहातून बास्केटबॉलचा सामना प्रथमच दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आला. कोंदट व्यायामगृहातून निघालेला खेळ सहा वर्षांच्या आत कोठल्या कोठे जाऊन पोहोचला!

आता चरित्राचा दुसरा भाग सांगितला पाहिजे. जेथे मोठा बाजार भरतो तेथे खिसेकापूही येतात. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या आवारात खेळाच्या चाहत्यांबरोबर पैजा लावणारे लोकही जमू लागले. त्यांच्या धंद्याची रीत थोडी समजावून सांगणे अवश्य आहे. कोणता संघ जिंकेल एवढ्यावरच पैज लावली तर बलवान संघावरच सारे पैसे लावतील. म्हणून सट्टेवाल्यांनी गुणांच्या फरकावर पैज लावण्याची रीत काढली. समजा, बलवान संघ दहा गुणांनी जिंकेल असा त्यांचा अदमास आहे. तो दहांहून अधिक गुणांनी जिंकला तर एका पक्षाचे पैसे बुडतात, कमी गुणांनी जिंकला तर दुसऱ्या पक्षाचे. या रीतीत मोठे विष भरले होते. खेळाडूस सामना हरण्याची गरज उरली नाही. जिंकावयाचे, पण थोडक्यात जिंकावयाचे, एवढेच पुरे. मग सट्टेवाला विद्यार्थ्यास हळूच गाठून त्याची समजूत घाली की यात पाप कसले, तुमचे महाविद्यालय तर जिंकतेच आहे. आपल्याकडील यात्रेच्या फडात दोन मल्ल आधी ठरवून लढले तर त्यास लोक नुरा कुस्ती म्हणतात आणि आरडाओरडा करून त्यांस आखाड्याबाहेर काढतात. हा प्रकार नुरा कुस्तीहूनही वाईट, कारण तो प्रेक्षकांस दिसत नव्हता.

दिसत नव्हता, असे म्हटले. परंतु कोणासच दिसत नव्हता काय? वर्तमानपत्रांतून गुणांच्या फरकाचे हे अदमास छापून येत. १९४५ साली ब्रुकलिन कॉलेजच्या पाच खेळाडूंनी एक सामना मुद्दाम हरण्यासाठी लाच घेतल्याचे उघडकीस आले, आणि तेही पोलीस दुसऱ्याच एका गुन्ह्याचा माग काढीत असताना. ही धोक्याची घंटा होती. थोडे दिवस हळहळ झाली, आणि मग पुढचे सामने, पुढची गर्दी, पुढची तिकिटे. एके काळी दाराबाहेरची गर्दी ज्यांच्या नजरेतून सुटली नाही, ते आयरिश आता दाराच्या आत, तिकिटांच्या हिशेबाजवळ बसले होते. तेथून गर्दी मोजता येते. गर्दीत कोण बसला आहे ते पाहण्याची सवय मात्र जाते.

१९५० साली न्यूयॉर्कच्या आनंदास पारावार राहिला नाही. सिटी कॉलेज हे त्या शहराचे सरकारी महाविद्यालय. तेथे फी नव्हती, म्हणून गरीब मजुरांची, परदेशातून आलेल्या कुटुंबांची हुशार मुले तेथे शिकत. त्या महाविद्यालयाच्या संघात कृष्णवर्णी व यहुदी मुले खांद्याला खांदा लावून खेळत. नॅट होल्मन या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली या संघाने एकाच हंगामात दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकिल्या, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात ब्रॅडली विद्यापीठास हरविले. हे दोन्ही अंतिम सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच झाले. गरिबांच्या मुलांनी मिळविलेला हा विजय पाहून शहरातील आयाबायांच्या डोळ्यांस पाणी आले असेल. परंतु तो आनंद एक वर्षभरही टिकला नाही.

येथे मॅनहॅटन कॉलेज पुन्हा येते. जानेवारी १९५१ मध्ये त्या महाविद्यालयाच्या संघात ज्युनिअस केलॉग नावाचा उंच तरुण खेळत होता. तो व्हर्जिनिया राज्याचा राहणारा, सैन्यात नोकरी करून आलेला, आणि त्या संघातील पहिलाच कृष्णवर्णी खेळाडू होता. घरची गरिबी असल्यामुळे फावल्या वेळात तो एका दुकानात काम करून चार पैसे मिळवी. त्याच महाविद्यालयाच्या एका माजी खेळाडूने त्याची गाठ घेतली आणि पुढील सामन्यात गुणांचा फरक कमी राखण्यासाठी एक हजार डॉलर देऊ केले. केलॉगला दुकानात इतके पैसे मिळविण्यास किती महिने लागले असते याचा विचार ज्याने त्याने करावा. त्याने नकार दिला. पण नुसता नकार देऊन तो घरी बसला नाही. तो आपल्या प्रशिक्षकाकडे गेला, सर्व हकीकत सांगितली, आणि पुढे पोलिसांच्या तपासास धोका पत्करून साहाय्य केले. ज्या महाविद्यालयाच्या खिडकीतून आयरिश यांचे मोठे स्वप्न आत शिरले, त्याच महाविद्यालयाच्या एका गरीब विद्यार्थ्याने त्या स्वप्नात शिरलेला चोर दाखवून दिला.

त्यानंतर धागा ओढावा आणि सारे वस्त्र उसवावे तसे झाले. फेब्रुवारी १९५१ मध्ये सिटी कॉलेजचा संघ फिलाडेल्फियाहून सामना जिंकून परत येत असता त्यातील खेळाडूंस पोलिसांनी ताब्यात घेतले. जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासात असे निघाले की १९४७ ते १९५० या काळात सात महाविद्यालयांतील ३२ खेळाडूंनी ८६ सामन्यांत लबाडी केली होती. सिटी कॉलेज, लाँग आयलंड, न्यूयॉर्क विद्यापीठ, मॅनहॅटन, तसेच परगावची ब्रॅडली, केंटकी आणि टोलेडो ही महाविद्यालये त्यांत होती. मुख्य सट्टेवाल्यास दीर्घ मुदतीची कैद झाली, काही खेळाडूंसही तुरुंगवास घडला. लाँग आयलंड विद्यापीठाने काही वर्षे आपला संघच बंद ठेविला. सिटी कॉलेजने मॅडिसन स्क्वेअर गार्डनशी संबंध तोडून आपले सामने पुन्हा आपल्या लहान व्यायामगृहात नेले. ज्या कोंदट जागेतून आयरिश यांनी खेळ बाहेर काढला होता, तेथेच तो मान खाली घालून परत गेला.

या प्रकरणी आयरिश यांच्यावर कोणताही आरोप ठेवण्यात आला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांनी लाच दिली नाही, घेतली नाही. मग त्यांची उणीव ती कोणती? माझ्या अल्पमतीस असे वाटते की वार्ताहराची जागा सोडताना त्यांनी वार्ताहराची जबाबदारीही सोडली. वार्ताहर हा लोकांचा साक्षी असतो. खेळ चांगला झाला तर चांगला म्हणावे आणि खोटा झाला तर खोटा म्हणावे, एवढ्यासाठी त्यास पहिल्या रांगेत बसवितात. तोच मनुष्य जेव्हा खेळाचा मालक होतो, तेव्हा खोट्या खेळाची वार्ता ही त्याच्या स्वतःच्या नुकसानीची वार्ता होते, आणि मग ती ऐकू येईनाशी होते. शिवाय जे वार्ताहर मागे राहिले त्यांनीही पुरेसे विचारले नाही. त्यांच्या संघटनेने स्वतःच स्पर्धा सुरू केली होती. खेळाची भरभराट हीच त्यांची भरभराट झाली होती. अठरा हजार लोकांच्या त्या गृहात डोळे पुष्कळ होते. उठून सांगणारा कोणीतरी हवा होता, आणि शेवटी ते काम एका खेळणाऱ्याने केले.

आयरिश यांचे पुढील आयुष्यही कर्तृत्वाचे गेले. १९४६ साली व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ-समूह स्थापन झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या निकरबॉकर्स या संघाची धुरा त्यांनी वाहिली. १९४९ साली त्या समूहाचे दुसऱ्या एका समूहाशी एकीकरण झाले व त्यास आज सर्व जगास ठाऊक असलेले एन. बी. ए. हे नाव मिळाले. त्या समूहात प्रथम कृष्णवर्णी खेळाडूंस जागा नव्हती. १९५० साली ते दार उघडले, आणि अगदी पहिल्या कृष्णवर्णी खेळाडूंपैकी एक, नॅट क्लिफ्टन, हा आयरिश यांच्याच संघात आला. ही गोष्ट त्यांच्या जमेच्या बाजूस मांडली पाहिजे. १९६४ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांच्या नावास स्थान मिळाले. १९७० व १९७३ या वर्षी त्यांचा संघ अजिंक्य ठरला. १९७४ साली ते निवृत्त झाले आणि २१ जानेवारी १९८२ रोजी फ्लॉरिडा राज्यातील व्हेनिस या गावी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

केलॉग यांचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून विद्यार्थी राहणार नाहीत. सत्याचे फळ नेहमी सुखच असते असे सांगून मी त्यांस फसविणार नाही. १९५४ साली एका मोटार अपघातात त्यांचे अंग लुळे पडले आणि धावणे-खेळणे कायमचे बंद झाले. तरीही त्यांनी खेळ सोडला नाही. चाकांच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळणाऱ्या अपंगांच्या संघास त्यांनी शिकविले, आणि न्यूयॉर्क शहराच्या लोककल्याणाच्या कामात मोठ्या जबाबदारीची जागा भूषविली. १९९८ साली ते वारले. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सिटी कॉलेजच्या ज्या खेळाडूंनी लाच घेतली होती, त्यांतील एक जण पुढे अनेक वर्षे शहरातील मुलांत काम करीत राहिला, आणि १९७४ साली त्याच महाविद्यालयाने त्यास आपल्या संघाचा प्रशिक्षक नेमिले. चुकलेल्यास परत येण्याचे दार त्या महाविद्यालयाने बंद केले नाही. ज्या प्रभूची आपण सेवा करितो त्याची शिकवण याहून निराळी नाही.

हे चरित्र बीडसारख्या जिल्ह्यातील मुलांस कशासाठी सांगावे, असे कोणी म्हणेल. मॅडिसन स्क्वेअर गार्डन कोठे आणि आपली काळी माती कोठे! परंतु मोहाचे स्वरूप सगळीकडे सारखेच असते. आमच्या शाळेतील कित्येक मुलांचे आईबाप दर हिवाळ्यात ऊसतोडणीसाठी घरदार सोडून दूर जातात. त्या मुलांस एक हजाराची किंमत मला सांगावी लागत नाही. सिटी कॉलेजची मुलेही अशीच गरिबाघरची होती, आणि सट्टेवाल्याने गाठले ते त्यांनाच. आज तर सट्टेवाल्यास घर शोधीत यावे लागत नाही. हातातील मोबाइलमधूनच तो घरात शिरतो. २०२५ साली भारताच्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, यावरून हा रोग किती पसरला होता याची कल्पना येईल. कायदा दाराशी उभा राहील, पण घरात लक्ष पालकांनीच ठेवावयाचे आहे. मुलगा सामना पाहत आहे की सामन्यावर पैसे लावीत आहे, एवढे तरी आईबापांनी विचारावे.

आणि आमच्यापैकी ज्या मुलांस लिहिण्याची हौस आहे, जी या वार्षिकात आंतरशालेय सामन्यांची हकीकत लिहून देतात, त्यांस एक विनंती. तुमच्या शाळेचा संघ जिंकला म्हणजे आनंदाने लिहा. पण पंचांची चूक आपल्या पथ्यावर पडली असेल तर तीही लिहा. हरलेल्या संघातील मुलाने सुंदर खेळ केला असेल तर त्याचे नाव वगळू नका. सुरुवात अशा लहान गोष्टींतच होते. नेड आयरिश यांच्यापाशी बुद्धी होती, कष्टाळूपणा होता, आणि कोणी पाहत नव्हते ते पाहण्याची दृष्टी होती. ती दृष्टी त्यांनी शेवटपर्यंत राखली असती, तर सात महाविद्यालयांतील बत्तीस मुलांपैकी काही तरी वेळीच वाचली असती.